पाळकांचा आवाज

१

लोहाऱ्यात तहसील कचेरीच्या मागच्या गल्लीत पत्र्याचं छप्पर असलेलं एक लहानसं प्रार्थनाघर आहे. मंडळी बत्तीस घरांची. तिथं अंबादास रणदिवे एकोणीस वर्षं पाळक होते, आणि त्या एकोणीस वर्षांत तालुक्याबाहेर त्यांचं नाव कुणी घेतलं नव्हतं.

दिवस ठरलेला. सकाळी प्रार्थनाघर झाडायचं, तेही स्वतःच. दुपारची जेवणं उरकली की सायकल काढून आजाऱ्यांच्या घरी जायचं. खाटेजवळ जमिनीवरच बसायचं. गुडघा कसा आहे, नातू शाळेत जातो का, म्हैस व्याली का, हे सगळं विचारून घ्यायचं. निघताना आजाऱ्याच्या हातावर हात ठेवून इतक्या हळू प्रार्थना करायची, की चुलीपाशी बसलेल्या सुनेला नुसती पुटपुट ऐकू यावी. बोलायच्या आधी दोनदा घसा साफ करायचा आणि क्षणभर थांबायचं, ही त्यांची जुनी लकब. शेवटी म्हणायचं, "कळलं का, लेकरा?"

मंडळीतली सगळ्यात म्हातारी हरणाबाई त्यावरून त्यांची खोडी काढायची. "आरं अंबादासा, म्या तुझ्या आईच्या वयाची. लेकरू कुनाला म्हनतूस?" आणि मग त्यांना बळंच आणखी एक कप चहा पाजायची.

या सगळ्याच्या आदल्या वर्षी धाराशिवला मैदानावर मोठी सभा झाली. बाहेरचे कुणी नावाजलेले उपदेशक आले होते. जिल्ह्यातल्या सगळ्या पाळकांना बोलावणं होतं. तिथं गेल्यावर अंबादासांच्या हातात एक शिट्टी देण्यात आली आणि गाड्या लावून घ्यायचं काम सांगण्यात आलं. त्यांनी ते हसतमुखानं केलं. पण उन्हात शिट्टी वाजवताना त्यांना दिसत होतं, की एका माणसाचा आवाज चाळीस कर्ण्यांतून सुटतो आणि पार मैदानाच्या टोकाला बसलेली बाई पदर डोळ्याला लावते.

परतीच्या एसटीत खिडकीशी बसून ते स्वतःशीच म्हणाले, आपला आवाज आजवर चुलीपर्यंतसुद्धा गेला नाही. म्हणाले आणि लाजले. पण म्हणून झालं होतं.

२

शरणबसप्पाचा लोहाऱ्यात मंडपाचा आणि लाऊडस्पीकरचा धंदा. बायको सिद्धम्मा मोठ्या दुखण्यातून उठली तेव्हापासून तो प्रार्थनाघरात यायला लागलेला. माणूस मनानं चांगला. त्याचं एकच म्हणणं होतं. "पाळकसाहेब, तुमच्या प्रार्थनेत लई ताकद हाय. पन ती चार भिंतीत कोंडून पडलीय. एकदा मैदानात तर या."

अंबादासांनी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा ते गप्प बसले, आणि शरणबसप्पानं त्याचा अर्थ बरोबर लावला.

मार्चमधल्या एका दुपारी चार वाजता सभा सुरू झाली. शरणबसप्पानं समोर तिकाटणं लावून कॅमेरा उभा केला होता. गर्दी जेमतेम दोनशेची. शेवटी आजाऱ्यांना पुढं बोलावलं, तेव्हा अणदूरहून आलेली महानंदा आपल्या पोरीला घेऊन आली. पोरीचं नाव महेश्वरी, वय आठ. पाचव्या वर्षी तापानं फणफणली आणि ताप उतरला तो तिची वाचा घेऊनच. डॉक्टर म्हणाले, घशात काही दोष नाही. बाप ट्रक घेऊन महिना महिना हैदराबाद रोडवर. महानंदा प्रार्थनाघरातली नव्हती. ज्यानं जे सांगितलं तिथं ती पोरीला घेऊन गेली होती, तशी इथंही आली होती.

अंबादास सवयीनं पोरीसमोर खाली बसायला लागले. शरणबसप्पानं हळूच त्यांचा दंड धरला. "हुबं राहून, साहेब. खाली बसलं तर दिसत न्हाय." आणि माईक हातात दिला.

ते उभे राहिले. पोरीच्या डोक्यावर हात ठेवला, घसा साफ केला आणि मोठ्यानं प्रार्थना करू लागले. शब्द लेकरासाठीचे होते. पण त्या शब्दांच्या खालून, माजघरातून दुसऱ्या कुणाचं बोलणं ऐकू यावं तशी, त्यांच्याच मनात दुसरी प्रार्थना चालली होती. ती करायची असं त्यांनी ठरवलं नव्हतं. 'आज माझं नाव होऊ दे. माझा आवाज घराघरात जाऊ दे. आज नाही तर कधीच नाही.'

त्यांनी आमेन म्हटलं. कर्णे क्षणभर घूं करून गप्प झाले. पोरीनं तोंड उघडलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "प्रभू."

खुर्च्या कोसळल्या. लोक रडत पुढं धावले. महानंदा मटकन खाली बसली. अंबादासांच्या अंगावर सरसरून काटा आला, आणि तो आनंदाचाच असणार, असं त्यांनी धरून घेतलं.

३

आठ दिवसांत तो व्हिडिओ कुठच्या कुठं गेला. सोलापूर, लातूर, बिदर, पुण्यातून फोन येऊ लागले. लोहाऱ्याच्या चौकात हात उंचावलेल्या अंबादासांचा फ्लेक्स लागला. उमरग्याला सभा, तुळजापूरला सभा, शरणबसप्पाचा टेम्पो पुढं आणि अंबादासांची भाड्याची गाडी मागं. सायकल पडवीत भिंतीला टेकून राहिली. बायको वनमाला एकदा म्हणाली, "अहो, हवा तरी भरून ठेवा तिच्यात." त्यांनी हो म्हटलं.

एप्रिल संपता संपता महानंदा पोरीला घेऊन भेटायला आली. सोबत भुईमुगाच्या शेंगांची पिशवी. चेहऱ्यावर जेवढा आनंद असायला हवा तेवढा नव्हता.

"बोलायलीय का?" अंबादासांनी विचारलं.

"बोलायलीय की, साहेब. लई बोलायलीय."

"मग?"

वनमालानं पोरीच्या हातात बिस्किट दिलं आणि नाव विचारलं. पोरीनं दोनदा घसा साफ केला. क्षणभर थांबली. "महेश्वरी," ती म्हणाली, आणि वनमालाकडं बघत पुढं म्हणाली, "कळलं का, लेकरा?"

वनमालाला हसू फुटलं. अंबादासही हसले. ते म्हणाले, पोरीची वाचा तीन वर्षांनी उघडली तेव्हा जो आवाज कानात होता तोच तिनं उचलला, लेकरं अशीच शिकतात. बोलणं पटण्यासारखं होतं. त्यांना स्वतःला तर पटलंच.

"व्हय. तसंच आसंल," महानंदा म्हणाली. चपला घालताना मात्र ती थबकली. "पहिलं ती अशी न्हवती बोलत, साहेब. भरभर बोलायची. निम्मं कानडी, निम्मं मराठी. मधी श्वाससुदिक घेत न्हवती."

त्या दोघी गेल्यावर वनमाला कप विसळत म्हणाली, "पोर सारखी तुमच्याकडं बघत होती."

"ओळखते ना मला."

"चेहऱ्याकडं नाही. ओठांकडं बघत होती."

४

शरणबसप्पानं चॅनल काढलं होतं. बरे झालेले लोक आपापली साक्ष मोबाईलवर भरून पाठवायचे. त्यातल्या चांगल्या कुठल्या ते अंबादासांनी निवडायचं. मे महिन्यातल्या एका दुपारी ते एकटेच प्रार्थनाघरात बाकावर बसून ऐकत होते. उन्हानं पत्रा मधूनच कडकड वाजत होता.

पहिली साक्ष नळदुर्गच्या निवृत्त मास्तरांची, कंबर दुखायची थांबलेली. मास्तरांनी दोनदा घसा साफ केला, थांबले, मग बोलू लागले. दुसरी उमरग्याच्या एका बाईची. तिनंही घसा साफ केला. तिसरा एक टेलर. चौथी कॉलेजातली मुलगी. प्रत्येकाच्या आधी तेच दोन खाकरे, तेवढीच शांतता. अंबादास आधी चकित झाले. मग ते मोजू लागले. पाचव्या साक्षीनंतर त्यांनी मोबाईल बाकावर ठेवून दिला आणि त्याच्याकडं बघत राहिले.

सहावी आपोआप सुरू झाली. यावेळी मात्र त्यांना हायसं वाटलं, कारण हे त्यांचंच जुनं प्रवचन होतं. आपला आवाज माणूस ओळखतो. शरणबसप्पानं चुकून मधे घातलं असणार. बंद करायला म्हणून त्यांनी मोबाईल उचलला.

पडद्यावर साठीची एक बाई होती. कपाळावर गोंदण, नाकात चमकी. तिचे ओठ हलत होते आणि त्यांच्यातून अंबादासांचा आवाज येत होता.

संध्याकाळी त्यांनी शरणबसप्पाला गाठलं. "आवाज भरताना काहीतरी मिसळतंय. मशीन तपास."

शरणबसप्पानं साक्ष ऐकली, वायरी बघितल्या, परत ऐकली. "मशीन बरोबर हाय, साहेब. लोक दिवसभर तुमचंच ऐकायलेत, तुमच्यावानीच बोलायलेत. मोठ्या मानसाचं आसंच आसतंय."

नंतर पुष्कळ दिवस अंबादासांना एका गोष्टीची खंत राहिली. ती बाई दिसली याची नव्हे. शरणबसप्पाचं बोलणं ऐकून आपली भीती निम्मी झाली, आणि रिकाम्या झालेल्या निम्म्या जागेत सुख येऊन बसलं, याची.

५

जुलैत हरणाबाई न्हाणीत पाय घसरून पडली ती उठलीच नाही. तिनं तीनदा निरोप धाडला. पहिल्यांदा अंबादास तुळजापूरला होते, दुसऱ्यांदा उमरग्याला. तिसऱ्यांदा वनमालानंच फोन केला. "अहो, म्हातारी वाट बघायलीय. तासभर या."

"रविवारी येतो. नक्की येतो म्हणून सांग."

गुरुवारी सकाळी हरणाबाई गेली. अंबादास धाराशिवला एका सभागृहात व्यासपीठावर होते, फोन बंद होता. लोहाऱ्याला पोचले तेव्हा चार वाजले होते. उमरग्याच्या पाळकांनी येऊन माती दिलीही होती.

वनमाला घरी पायरीवर बसली होती. तिनं उठून पाणी दिलं नाही.

"काही म्हणाल्या का?"

"प्रार्थनेसाठी नव्हत्या बोलावत तुम्हाला. नुसतं येऊन बस म्हणत होत्या. काल म्हणाल्या, मोबाईलवर तरी लाव, त्याचा आवाज ऐकू दे. मी तुमचा व्हिडिओ लावला. थोडं ऐकलं आणि म्हणाल्या, बंद कर गं. ह्यो आपला अंबादास न्हाय."

"मग?"

"मग मीच हात धरून बसले."

ते तसेच कबरस्तानात गेले. ओली काळी माती, वर झेंडूची फुलं. आसपास कुणी माणूस नव्हतं. ते मातीशेजारी खाली बसले आणि एकोणीस वर्षं ज्या आवाजात ते या बाईच्या खाटेशी बोलले होते त्या आवाजात काही म्हणायला त्यांनी तोंड उघडलं.

मैदानातला आवाज बाहेर आला. भिंतीवरचे कावळे उडाले. त्यांनी तो खाली आणायचा प्रयत्न केला, पुन्हा केला, हातानं गळा दाबून धरला. आवाज उतरेना. तो खाटेशेजारचा हळू आवाज त्यांच्याजवळ उरलाच नव्हता.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी ते कुणाला न सांगता एसटीनं अणदूरला उतरले. खंडोबाच्या देवळावरून पुढं गेलेल्या गल्लीत महानंदाचं दोन खोल्यांचं घर. पुढं अंगण, अंगणात कडुनिंब. महानंदा त्याखाली शेंगा फोडत बसली होती. त्यांना बघून ती उठली नाही, नुसता ओठांवर हात ठेवून तिनं दाराकडं खूण केली.

आतून पुटपुट ऐकू येत होती. हळू, धीराची. अंबादासांचे पाय जागीच राहिले. काल कबरीपाशी जो सापडला नव्हता, तो हाच आवाज.

"रोज ह्याच टायमाला," महानंदा म्हणाली. "शाळेतनं आली की आत जाऊन बसती."

ते दारापाशी गेले. दार अर्धं लोटलेलं. आत महेश्वरी त्यांच्याकडं पाठ करून जमिनीवर बसली होती, दोन वेण्या, लाल रिबिनी. समोर चुना उडालेली भिंत. तिचा उजवा हात पुढं होता, हवेत, आजाऱ्याच्या हातावर ठेवावा तसा. ती हळू आवाजात कुणाला तरी विचारत होती, गुडघा कसा आहे, नातू शाळेत जातो का. मग ती थांबली. घसा साफ केला. आणि म्हणाली, "आज माझं नाव होऊ दे. माझा आवाज घराघरात जाऊ दे. आज नाही तर कधीच नाही."

अंबादासांचा हात दाराच्या चौकटीवर होता. त्यांना तो दिसत होता, पण जाणवत नव्हता. ते वाक्य त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. ओठांतून निसटलं असेल, माईकनं पकडलं असेल, असा एक विचार त्यांनी करून बघितला. पण तो व्हिडिओ त्यांनी शंभर वेळा तरी पाहिला होता. वाक्य त्यात कुठंही नव्हतं. ते ऐकणारा तेव्हा एकच असायला हवा होता. आता त्यांना प्रश्न पडला, की ऐकलं नेमकं कुणी.

महानंदा मागं येऊन उभी राहिली होती. तिचा आवाज चढला नाही.

"तीन वर्सं म्या नवस बोलले, उपास धरले. मला तिचा आवाज ऐकायचा होता, साहेब. तुमचा न्हाय."

"बाई..."

"परत घ्या."

त्यांनी डोळे मिटले, हात जोडले. 'हे प्रभू' म्हणायला ओठ हलवले, तोच आतून ते शब्द आले. त्यांनी दुसरं वाक्य मनात जुळवलं. त्यांनी तोंड उघडायच्या आधीच तेही आतून आलं. पोर आता मागून म्हणत नव्हती. पुढं चालली होती.

७

त्या रविवारी अंबादासांनी शरणबसप्पाला कॅमेरा लावू दिला नाही. वेदीपुढं उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं. धाराशिवची शिट्टी, एसटीतलं बोलणं, पोरीच्या डोक्यावर हात ठेवून स्वतःसाठी केलेली प्रार्थना, हरणाबाईचा शेवटचा निरोप. म्हणाले, "मी तुमचा पाळक राहायच्या लायकीचा नाही. मला विसरून जा." रडू आवरत नव्हतं. मंडळीही रडली. त्यांना वाटलं, सुटलो.

सोमवारी दुपारी वनमालानं त्यांच्यापुढं मोबाईल धरला. कुणीतरी मागच्या बाकावरून टिपलं होतं. वर लिहिलं होतं, 'नम्रतेचा कळस! पाळक रणदिवे यांचे अश्रू.' आधीच्या सगळ्या व्हिडिओंपेक्षा तो जास्त लोकांनी बघितला होता. शरणबसप्पा आला आणि त्यांचे पाय धरून रडला. "लेकराची आन, साहेब, म्या न्हाय केलं."

पुढच्या रविवारी गल्ली भरली होती. लातूरच्या गाड्या, बिदरच्या गाड्या. इतका नम्र माणूस एकदा डोळ्यानं बघायचा म्हणून लोक आले होते. अंबादासांनी दार उघडलं तशी कुजबुज थांबली. दोन-तीनशे माणसं, बायका, कडेवरची पोरं. त्यांच्याकडं बघत होती, पण डोळ्यांत नाही. सगळ्यांची नजर त्यांच्या ओठांवर होती.

मग त्या शांततेत सगळ्यांनी मिळून एकदम घसा साफ केला. दोनदा.

अंबादासांनी दार लावून घेतलं.

८

त्यांनी राजीनामा लिहून दिला. प्रार्थनाघराला दुसरे पाळक आले. अंबादासांनी बोलणंच सोडलं. वनमालाला त्यांनी वहीच्या पानावर लिहून दिलं, 'माझा आवाज थांबला तर कदाचित तिचा येईल.'

तिनं ते वाचलं. "आणि मला तुमच्याशी बोलायचं असलं तर?"

त्यांनी वही मिटून ठेवली. तिनं पान घडी करून डब्यात ठेवलं आणि पुढं कधी विचारलं नाही. घरात भांड्यांचा तेवढा आवाज राहिला.

दर गुरुवारी ते अणदूरला जायचे. महानंदा पहिल्या दोन वेळा आत निघून गेली. तिसऱ्या वेळी तिनं सूप त्यांच्यापुढं सरकवलं. ते कडुनिंबाखाली बसून शेंगा फोडायचे आणि पाचच्या गाडीनं परतायचे. पोरीची दुपारची पुटपुट आधी तुटक झाली, मग थांबली. मग घसा साफ करणं गेलं. दसऱ्याच्या सुमारास ती पूर्वीसारखी मुकी झाली. लोकांनीही हळूहळू दुसरा कुणी शोधला. चौकातला फ्लेक्स वाऱ्यानं फाटला, कुणी बदलला नाही.

"आता निदान गप बसती ते तरी तिचं हाय," महानंदा एकदा म्हणाली. त्यात क्षमा होती की नाही, ते अंबादासांना कळलं नाही.

डिसेंबरमधला गुरुवार. दुपार कलली होती. महेश्वरी अजून शाळेतून यायची होती. महानंदा आत भाकरी थापत होती, थापट्यांचा ठेका अंगणात ऐकू येत होता. अंबादास एकटेच होते. चार महिने न वापरलेल्या त्यांच्या घशात काहीतरी हललं. खोकला असेल म्हणून त्यांनी आवंढा गिळला. ते पुन्हा हललं आणि वर आलं.

"यव्वा, नीर कोड! यव्वा, लगू कोड!"

लहान पोरीचा आवाज. भरभर, मधे श्वास न घेता.

थापट्या थांबल्या. महानंदा पिठाच्या हातानं धावत बाहेर आली. तिनं रस्त्याकडं बघितलं, झाडामागं बघितलं, अंगणभर बघितलं. कुणी नव्हतं. मग तिनं अंबादासांकडं बघितलं. त्यांचे ओठ अजून हलत होते. त्यांना कानडी येत नव्हती. आपण काय बोललो ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

महानंदा सावकाश येऊन त्यांच्यापुढं बसली. तिनं त्यांचे हात तोंडावरून काढले.

"महेशी," ती म्हणाली. "पानी पायजे व्हय, माय? आनते हं. पुन्ना म्हन. एकदा पुन्ना म्हन."

ती आत धावली आणि पेला भरून आली. अंबादासांच्या डोक्यामागं हात धरून तिनं तो त्यांच्या ओठांना लावला, तापातल्या लेकराला पाजावं तसा. ती हसत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. तिला असं हसताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

तिच्या खांद्यावरून त्यांना अंगणाचं फाटक दिसलं. दप्तर पाठीला लावून महेश्वरी तिथं उभी होती. ती केव्हा आली, कुणास ठाऊक. ती आईच्या पाठीकडं बघत होती. तिचं तोंड उघडत होतं आणि मिटत होतं, उघडत होतं आणि मिटत होतं, आणि त्यातून काहीच येत नव्हतं.

बाई, मागं बघा, असं अंबादासांना म्हणायचं होतं. एवढंच. त्यांनी सगळा जीव गोळा करून तोंड उघडलं.

"यव्वा," त्यांच्या घशातलं लेकरू म्हणालं, आणि महानंदानं पेला पुन्हा त्यांच्या ओठांना लावला.